ढेकूण नसलेलं घर

शेजारच्या लीलाबाईंनी कुंपणाच्या भिंतीवरून बोंडीला माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "घ्या भाऊजी, तुमची लेक. धा दिवसांत एकडावही आंग खाजवलं नाही तिनं. हे पाहा, मानेवर केस येऊन राहिले. आमच्या घरी मस्त राह्यते हो, तुमच्याच घरी हिले खाज सुटते." मी छिंदवाड्याहून दहा दिवसांनी परतलो होतो. बस वाटेत दोनदा बंद पडली होती, अंगावर सौंसरपासूनची धूळ होती, आणि हातात ते पांढरं, गरम, जड झालेलं मांजर होतं. मी सवयीनं हसलो. "आमच्या घरी तिला दळण दळावं लागतं ना, म्हणून," असं काहीतरी म्हणालो. लीलाबाई हसल्या आणि आत गेल्या. माझं हे असंच आहे. कुणी काही बोललं की माझ्या तोंडून एक विनोद निघतो, समोरचा हसतो आणि बोलणं तिथंच संपतं. मी शेतकऱ्यांच्या सहकारी सोसायटीच्या गोदामात नोकरीला आहे, तिथं सगळे मला त्यासाठीच ओळखतात. पण त्या दिवशी कुलूप उघडून आत आलो, पिशवी ठेवली, बोंडीला खाली सोडलं आणि स्वेटरही न काढता तसाच उभा राहिलो. ते वाक्य मी आधी ऐकलं होतं. याच घरात, याच खोलीत. माहेरी मस्त राह्यते, आपल्याच घरी हिले खाज सुटते. आई म्हणाली होती, शोभाबद्दल. आणि मी मान डोलावली होती.

शोभा म्हणजे माझी बायको. कागदोपत्री अजून आहे. सात वर्षांपूर्वी, एकोणऐंशीच्या पोळ्याला, ती रामाकोन्याला माहेरी गेली आणि परत आली नाही. पंच दोनदा बसले, चहा प्याले, उठले. मीही गेलो नाही, तिनंही निरोप धाडला नाही. इथं पांढुर्ण्यात कुणी विचारलं की मी सांगतो, तिची तिकडे बदली झाली आणि सरकारनं तिला तिथंच कायम केलं. लोक हसतात. आई होती तोवर दुसरी पाहू म्हणून मागे लागायची, तिलाही मी असाच थोपवत राहिलो. आई त्र्याऐंशीत गेली. मग घरात मी एकटा, आणि गेली दोन वर्षं ही बोंडी. ती मंडीत सापडली. मोहगावकडच्या कुणाची तरी कापसाची बैलबंडी रिकामी होत होती, तळाशी कापसातच पडली होती, डोळे जेमतेम उघडलेले. हमालांना ती आधी कापूसच वाटली, म्हणून तिचं नाव बोंडी. ज्याला माणूस सांभाळता आलं नाही तो मांजर काय सांभाळणार, असं मीच तेव्हा मोठ्यानं म्हणालो. सगळे खो खो हसले आणि मी तिला सदऱ्यात घालून घरी आणलं. खरं सांगायचं तर त्या दिवसापासून मी घरी लवकर यायला लागलो.

गेल्या पावसाळ्यानंतर एकदा तिच्या हनुवटीखाली हात घातला तर बोटांना केस लागले नाहीत. कातडी लागली, खरखरीत, खपल्यांची. मग ठळक दिसायला लागलं. मानेवर, पोटाखाली, मागच्या पायांच्या आतल्या बाजूला जागोजागी उघडं पडत चाललं होतं. ती बसल्या बसल्या एकदम उठायची, मागच्या पायानं मान खाजवायची, थांबायची, माझ्याकडे पाहायची आणि पुन्हा खाजवायची. मी करंजाचं तेल लावलं, ते तिनं चाटून साफ केलं आणि दोन दिवस ओकत राहिली. शेवटी एका पिशवीत घालून तिला पशुदवाखान्यात घेऊन गेलो. तिथं बैलांची रांग. एकाचा खूर सुजलेला, एकाच्या खांद्याला जू लागून जखम झालेली, आणि त्यांच्यामध्ये मी, म्याव म्याव करणारी पिशवी घेऊन उभा. लोक हसले, मी त्यांना आणखी हसवलं. डॉक्टर आठवड्यातून दोनच दिवस येतात, बाकीचे दिवस दवाखाना कंपाउंडर गुणवंता चालवतो. साठीला आलेला, बुटका, कमी बोलणारा माणूस. तो हसला नाही. त्यानं बोंडीला टेबलावर घेतलं, खाली कोरा कागद घातला आणि बारीक दातांच्या फणीनं तिचे केस विंचरले. कागदावर पडलेल्या काळ्या कणांवर पाण्याचे थेंब टाकले. "लाल झालं असतं तर पिसवा म्हनलं असतं," तो म्हणाला. "नाही झालं. गजकर्ण असतं तर बाबू, तुमच्या हाताले लागलं असतं. आन् हे तेल काहून लावलं? मांजर आंग चाटते ना. जे लावसान ते तिच्या पोटात जाईन." मग त्यानं मला जे सांगितलं ते मी त्याच्या शब्दांत लिहून ठेवलं तरी चालेल. "हिले काहीतरी मानवून नाही राहिलं. खान्यातलं असन, नाही तर राहन्यातलं. एकेक चीज बंद करून पाहा, पंधरा पंधरा दिवस. घाई नोका करू. दोन चीजा एकदम बंद केल्या तर कोनती होती ते कधीच समजनार नाही."

मी घाई केली नाही. आयुष्यात पहिल्यांदाच मी एखादी गोष्ट इतक्या चिकाटीनं केली असेल. पुठ्ठ्याची कॉलर कापून तिच्या गळ्यात घातली, म्हणजे जखमांपर्यंत तोंड जाऊ नये. आधी म्हशीचं दूध बंद केलं, पंधरा दिवस नुसता भात आणि उकडलेलं अंडं. काही फरक नाही. दूध सुरू करून फरशी पुसायच्या पाण्यातलं फिनेल बंद केलं. नाही. उदबत्ती बंद केली, देवाला सांगितलं की जरा सांभाळून घ्या. नाही. ती ज्या दिवशी फार खाजवायची त्या दिवशी कॅलेंडरवर पेन्सिलीची फुली मारत होतो. संध्याकाळी तिला मांडीवर घेऊन कंदील जवळ ओढायचा, कारण वीज नेमकी तेव्हाच जायची, आणि तिचं सगळं अंग इंच इंच तपासायचं. कुठली खपली पडली, कुठं नवीन लाली आली, कुठं बारीक लव उगवते आहे. तिच्या अंगावरचा एकेक डाग मला पाठ होता. मग सोसायटीनं छिंदवाड्याला दहा दिवसांच्या शिबिराला धाडलं, लीलाबाईंकडे तिला ठेवून गेलो, आणि परत आलो तर हे.

आता त्या जागी उभ्या उभ्या मला शोभाची पाठ आठवू लागली. नीट आठवेना. मांजराच्या पोटावरचा डाग डोळे मिटून दाखवीन, पण बायकोच्या पाठीवर नेमकं कुठं काय होतं ते मी कधी पाहिलंच नव्हतं. ती दाखवत नसे, मी विचारत नसे. एवढं आठवतं की शहात्तरच्या उन्हाळ्यात लग्न झालं आणि दिवाळीच्या आत तिच्या दंडांवर, मानेवर तांबडे फोड उठले होते. स्वयंपाकघराच्या चौकटीला ती पाठ घासायची. कुणी नाही असं पाहून, हळूच, डोळे मिटून. एकदा मला दिसली आणि मी म्हणालो, "चौकट झिजली तर नवी तुझ्या बापाकडून आणावी लागेल." ती दचकून बाजूला झाली. आईनं उष्णता म्हणून सब्जा दिला, गुलकंद दिला. सरकारी दवाखान्यातून पांढरं मलम आणलं. मग महारोग तर नाही ना, असं आईच्या मनात आलं. आईनं तिची ताटवाटी वेगळी केली. मी एका शब्दानं काही बोललो नाही. डॉक्टरांनी तसलं काही नाही म्हणून सांगितल्यावरही ताट वेगळंच राहिलं, सवय म्हणून. मग जामसांवळी. आईनं मारुतीला नवस बोलला आणि दर शनिवारी ती शोभाला घेऊन बसनं जामसांवळीला जाऊ लागली. सकाळी जायच्या, संध्याकाळी यायच्या. आणि रविवारी शोभाचं अंग हटकून जास्त पेटायचं. मान, पाठ, कानांच्या मागे सगळं लाल. आईला त्यातून जे कळलं ते तिनं मला हळू आवाजात सांगितलं. "हिच्या आंगात काही तरी आहे बाबू. देवापुढून आली का खवळते."

आणि माहेरी गेली की बरी. हे तर सगळ्या आळीला दिसत होतं. दिवाळीला गेली, आठ दिवसांत अंग साफ. भावाच्या लग्नाला गेली, पंधरा दिवसांनी आली तर चेहऱ्यावर तुकतुकी. घरी आली की चौथ्या दिवशी पुन्हा चौकट. आई बोटं मोडायची. सासर नको आहे, सोंग करते. मलाही तसंच वाटलं. म्हणजे मी तसं मानून घेतलं. कारण त्यात एक गोष्ट होती जी मी कधी कुणाशी बोललो नाही, आईशीही नाही. लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून शोभा माझ्याजवळ झोपत नव्हती. स्वयंपाकघरात उघड्या शहाबादी फरशीवर, नुसतं लुगडं अंगाखाली घेऊन झोपायची, थंडीतसुद्धा. मी एकोणतीस वर्षांचा होतो. पलंगावर तिच्याच बापानं आंदण दिलेली गादी, जाड, त्याच्या स्वतःच्या शेतातल्या कापसाची, आणि बायको फरशीवर. मला तो अपमान वाटला, आणि तो अपमान मी दोन वर्षं उराशी धरून बसलो. एकोणऐंशीच्या पोळ्याच्या आदल्या दिवशी ती पिशवी भरत होती, तेव्हा मी दारात उभा राहून म्हणालो, "तुले माहेरीच बरं वाटते ना, तर मंग तिथंच राय." मी एरवी घरात शुद्ध बोलतो, नोकरी लागल्यापासून. तेवढं वाक्य मात्र आईच्या बोलीत निघालं. तिनं पिशवीचा बंद ओढला, "येते आत्याबाई" म्हणून आईच्या पाया पडली आणि बसला गेली.

मी परतलो तो शुक्रवार होता. शनिवारी मी नेहमीसारखी घराची झाडझूड केली. रविवारी दुपारी बोंडी पलंगावरून उतरली, अंगणाच्या दारापर्यंत गेली, तिथं बसली आणि मान खाजवू लागली. रक्त आलं. मी तिला उचलून घेतलं, आणि तिची मान हातात धरून मोठ्यानं विचारलं, "काय आहे गं माझ्या घरात?"  मग मी गुणवंताच्या पद्धतीनं विचार करू लागलो. लीलाबाईंच्या घरी जे नाही आणि माझ्या घरी आहे असं काय? त्याच विहिरीचं पाणी, त्याच गवळ्याचं दूध, तशीच चूल, भिंतींना तोच चुना. मग उलटं धरून पाहिलं. त्यांच्या घरी आहे आणि माझ्या घरी नाही असं काय? उत्तर डोळ्यांसमोरच होतं. ढेकूण. लीलाबाईंच्या घरी खाटेच्या सांध्यासांध्यात ढेकूण, आणि माझ्या घरी एकही नाही. मला हसू आलं. एकटाच त्या मांजराला छातीशी धरून हसलो. आणि हसता हसता थांबलो.

आमच्या घरी ढेकूण नाही, हा आमच्या घराचा मोठा अभिमान होता. पाहुणे यायचे तेव्हा आई आधी तेच सांगायची. त्याचं कारण माझी नोकरी. सोसायटीच्या गोदामात कपाशीवर धुरळायच्या पांढऱ्या पावडरीची पोती येतात. हमालांच्या आकड्यानं दोन-चार फाटतातच. सांडलेली पावडर झाडून गोळा करायची आणि संध्याकाळी ज्यानं त्यानं डब्यातून घरी न्यायची, ही गोदामातली पूर्वीपासूनची रीत. कुणी ती पोरीच्या केसांतल्या उवांना लावतो, कुणी धान्याच्या कणगीभोवती टाकतो. मी ती जुन्या धोतराच्या तुकड्यात बांधतो, पुरचुंडी करतो आणि गादीवर आपटत जातो. शिवणीवर, कोपऱ्यांत, उशीच्या अभ्र्यात, पलंगाच्या भेगांत. पावडर वरवर दिसत नाही, आत बसते. एक कुबट वास येतो, दोन दिवसांनी तोही कळत नाही. दर आठवड्याला, न चुकता. कामावर अर्धी सुट्टी असते त्या दिवशी, घर रिकामं असायचं तेव्हा. शनिवारी.

कॅलेंडर भिंतीवरून काढून मांडीवर घेतलं. माझ्या फुल्या सगळ्या रविवारी आणि सोमवारी पडल्या होत्या. दोन महिने मी त्या स्वतःच्या हातानं मारत होतो आणि त्यांच्याकडे कधी एकत्र पाहिलं नव्हतं. तरीही मी घाई केली नाही. गुणवंतानं सांगितलं होतं ना. गादी, उशी, चादर सगळं बाहेर काढलं, पलंग सोड्याच्या पाण्यानं धुतला आणि फरशीवर सतरंजी टाकून झोपू लागलो. बोंडी माझ्या पायाशी. पंधरा दिवसांत खाज थांबली. खपल्या पडल्या, खालून गुलाबी कातडी आणि तिच्यावर पांढरी लव. गुणवंताला दाखवायला नेली तर त्यानं तिला उन्हात धरून पाहिलं आणि म्हणाला, "नक्की करायचं असन तर जराशी पावडर परत टाकून पाह्यजा. पन मी म्हनतो काहून? बिचारी बरी झाली, आता कायले?" पण मला नक्की करायचं होतं. मांजरासाठी नाही. मी एका पोत्यावर पुरचुंडी चार वेळा आपटली, पोतं झटकलं आणि उन्हात तिच्या आवडत्या जागी ठेवलं. ती येऊन त्यावर झोपली, माझ्या भरवशावर. दुसऱ्या दिवशी मानेवर बोटभर जागा लाल झाली होती. मी पोतं जाळलं, तिला कोमट पाण्यानं आंघोळ घातली, आणि ती ओली, कावलेली, माझ्या हाताला नखं लावत असताना माझ्या लक्षात आलं की हा प्रयोग मी पहिल्यांदा करत नव्हतो. तीन वर्षं, दर शनिवारी, शोभा जामसांवळीच्या बसमध्ये बसली की मी पुरचुंडी काढत होतो. ती देवाला नारळ फोडून यायची, दमलेली, आणि मी तिच्यासाठी गादी तयार ठेवायचो. दुसऱ्या वर्षी ती फरशीवर गेली, तेव्हा ती मला सोडून गेली नव्हती. आणि मग मी काय केलं ते तर मला पक्कं आठवतं. ती फरशीवर झोपते म्हटल्यावर फरशीवर ढेकूण यायला नकोत, म्हणून भिंतीच्या कडेनंही पावडर टाकली होती. चांगल्या मनानं. मला खरंच वाटलं होतं की मी तिची काळजी घेतो आहे.

त्यानंतरच्या रविवारी मी रामाकोन्याला गेलो. पांढुर्ण्याहून सौंसरपर्यंत बस, पुढे अरुंद रुळांची छोटी गाडी. गाडीत बसल्यावर मी बोलायचं ठरवू लागलो आणि लाज वाटते सांगायला, पण मला आनंद होत होता. सात वर्षांचं ते जे काय होतं त्याचं कारण माझ्या हाती लागलं होतं. तिचं सोंग नव्हतं, माझा राग नव्हता, आईचंही चुकलं नव्हतं. एक पावडर होती. पावडर टाकून देता येते, गादी नवी भरता येते. मी मनातल्या मनात तिला हसताना पाहत होतो, घ्या, म्हणजे एवढंच होतं का, असं म्हणताना. परत येताना गाडीत आम्ही दोघं असू, असंही मी एकदा मनात आणलं. मग लगेच दुसरीकडे पाहिलं, बाजूला बसलेल्या म्हाताऱ्याला ते दिसेल की काय असं वाटून.

तिचा भाऊ मनोहर शेतात होता. ओसरीवर शोभा एकटी संत्री निवडत बसली होती, मोठी एका टोपल्यात, डागी दुसऱ्या. तिनं मला पाहिलं, डोक्यावर पदर घेतला, उठून आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. तांब्या पुढे केला तेव्हा तिचा हात दिसला, कोपरापर्यंत. स्वच्छ, सावळा, एकही डाग नसलेला हात. लग्नानंतरचे पहिले दोन महिने सोडले तर मी तो असा क्वचितच पाहिला होता. कानाजवळचे केस पांढरे झाले होते. "बसा," ती म्हणाली. मी बसलो आणि लगेच बोलायला लागलो, कारण थांबलो असतो तर विनोद केला असता. बोंडी, तिची खाज, गुणवंता, दूध, फिनेल, उदबत्ती, लीलाबाई, कॅलेंडर, गादी, पोतं. सगळं क्रमानं सांगितलं. ती संत्री निवडत ऐकत होती. मधेच एकदा तिनं विचारलं, "किती दिवस पाह्यलं तुमी हे सारं?"

"तीन महिने झाले असतील," मी म्हणालो. "रोज पाहत होतो."

"रोज?"

"रोज. कंदील घेऊन."

तिनं एक संत्रं हातात फिरवलं आणि डागी टोपल्यात टाकलं. मी म्हणालो, "शोभा, ती पावडर होती गं. तुला पावडर सोसत नव्हती. मला ठाऊकच नव्हतं. आता घरात चिमूटभरही पावडर नाही. गादी नवी भरतो. तू चल."  मी तिचा हात धरायला गेलो आणि धरला नाही.

तिनं माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता. राग असता तर मी त्यावर काही तरी बोललो असतो. "पावडर होती ते मले माहीत होतं ना," ती म्हणाली. "पहिल्याच वर्षी समजलं होतं मले. तुमाले सांगतलं होतं मी."

"कधी?"

"तीन डाव सांगतलं. म्हनलं, त्या पावडरनं आंगाची आग होते, नोका टाकू. एकडाव तर आत्याबाई बसल्या होत्या समोर, जेवन चालू होतं."

"मी काय म्हणालो?"

 तिला ते सांगायचं नव्हतं असं मला दिसलं. मग तिनं सांगितलं, खाली पाहून, अगदी सपाट आवाजात. "तुमी म्हनलं, रामाकोन्यात ढेकनं चावल्याशिवाय झोप येत नसन हिले, म्हनून आपली गादी टोचते. आत्याबाई हासल्या. तुमीही हासले. लय हासले. तुमाले ठसका लागला, मंग मीच पानी देल्लं."

मी आठवायचा प्रयत्न केला. जेवणं आठवली, आईचा पाट, शोभाचं वेगळं ताट, चुलीतली धग. ती बोलताना मला दिसत होती, ओठ हलताना दिसत होते, पण ती काय म्हणते आहे ते ऐकू येत नव्हतं. आजही येत नाही. पण ते उत्तर माझंच होतं. आठवलं नाही तरी ओळखू आलं. तसलं वाक्य पांढुर्ण्यात दुसरं कुणी बोलत नाही. गाडीत बसून मी जे जे मनात मांडलं होतं त्यातलं काहीच उरलं नाही.

"मांजर बरी आहे ना आता?" तिनं विचारलं.

"हो."

"केस आले?"

"आले सगळे."

"चांगलं झालं," ती म्हणाली. तिला खरंच बरं वाटल्यासारखं दिसलं. "तिले बोलता येत नाही, म्हनून तुमाले पाहा लागलं. मी बोलत होती."

 ती पुन्हा संत्री निवडू लागली. मीही हात पुढे केला, एक उचललं, फिरवून पाहिलं, आणि मला ते कुठल्या टोपल्यात टाकायचं ते कळेना. तिनं ते माझ्या हातातून घेतलं. मग म्हणाली, "साडेचारची गाडी भेटन तुमाले. आता निघा." मी उठलो, चपला घातल्या. ती ओसरीच्या कडेपर्यंत आली आणि थांबली. मला तिला विचारायचं होतं की बाकीच्या दोन वेळी मी काय म्हणालो होतो. विचारलं नाही. तिला आठवत असणार याची मला खात्री होती.